पहिले वेबपान मराठीत : डिझाइन, कोड आणि देवनागरीची मापे

वेब डिझाइन शिकवणारे बहुतेक धडे रोमन लिपी गृहीत धरून तयार केलेले असतात. त्यांतली मापे जशीच्या तशी उचलून मराठी मजकुराला लावली की मथळ्यांचे रफार कापले जातात, वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांत अडकतात आणि शिरोरेषा तुटते. आपल्याला डिझाइनची नजरच नाही, असे मग विद्यार्थ्याला वाटू लागते. प्रत्यक्षात नजर ठीक असते, माप चुकलेले असते. म्हणून पहिला प्रकल्प मराठीतच करावा, तो एकाच पानाचा असावा आणि कागदापासून इंटरनेटवर चढेपर्यंत पूर्ण करावा. अर्धवट सोडलेल्या दहा पानांतून जे कळत नाही, ते एका पूर्ण पानातून कळते.

या लेखात उदाहरण घेतले आहे तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाच्या पानाचे. त्यात वेळापत्रक आहे, वर्गणीचे दर आहेत, नव्या पुस्तकांची यादी, एखादा फोटो, पत्ता आणि फोन आहे. शिकण्यासाठी लागणारे मथळा, परिच्छेद, तक्ता, यादी, चित्र आणि दुवा हे सगळे घटक त्यात येतात, आणि मजकूर खरा असतो. रोज तास-दीड तास बसलात तर तीन आठवड्यांत हे होते. महागडा संगणक लागत नाही. ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप किंवा कॉलेजच्या लॅबमधला संगणक पुरतो.

वाचताना एक लक्षात ठेवा. टॅग (पानाचे भाग सांगणाऱ्या कोडमधल्या खुणा) आणि गुणधर्म (त्या भागांचे तपशील ठरवणाऱ्या सूचना) यांची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. एडिटरमध्ये, म्हणजे कोड लिहायच्या प्रोग्राममध्ये, ती रोमन लिपीत, इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे लिहायची. आकडेसुद्धा इंग्रजी. मराठी कीबोर्ड चालू राहिला आणि अक्षराच्या आकारमानापुढे ‘१८’ असे देवनागरीत टाइप झाले, तर ब्राउझर कसलीही तक्रार न करता ती ओळ सोडून देतो. मराठी पान लिहिणाऱ्यांचा सर्वाधिक वेळ याच चुकीत जातो.

आधी मजकूर

रंग निवडायला बसण्याआधी मजकूर तयार करा. वाचनालयात जाऊन वेळा, साप्ताहिक सुट्टी, अनामत, मासिक वर्गणी, सभासद होण्यासाठी लागणारी कागदपत्रे आणि अलीकडे आलेली दहा-बारा पुस्तके लिहून घ्या. सगळे मिळून अडीचशे ते तीनशे शब्द झाले की पुरे. सभासदांची यादी, त्यांचे फोन नंबर पानावर टाकू नका; वाचनालयाचा स्वतःचा नंबर तेवढा पुरेसा आहे.

पुस्तकांची यादी बहुधा तयारच मिळेल, पण ती श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असण्याची शक्यता मोठी. अशा फाइलमध्ये साठवलेली असतात रोमन अक्षरे आणि चिन्हे. फॉन्ट त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवतो. तिथून मजकूर उचलून वेबपानात डकवला की निरर्थक रोमन अक्षरे उमटतात. फॉन्ट बदलून हे सुटत नाही, मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, रूपांतरित करावा लागतो. त्यासाठी रूपांतरक मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. रूपांतरानंतर रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे एकदा मूळ प्रतीशी ताडून पाहा. गडबड तिथेच होते.

स्वतः टाइप करणार असाल तर इन्स्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी शिका. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड भाषेच्या सेटिंगमधून जोडता येतो आणि विंडोज की अधिक स्पेसबारने भाषा बदलता येते. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘ऱ्हास’ यांतला र साध्या ‘र’च्या कळीवर शिफ्ट दाबून येणाऱ्या नुक्तावाल्या ‘ऱ’पासून बनतो. साधा र वापरलात तर ‘दुसर्या’ असा रफार उमटतो आणि शब्द चुकतो.

‘ॲ’ची एक खुबी माहीत असू द्या. हे अक्षर दोन प्रकारे साठवले जाते : युनिकोडमधले एकसंध अक्षर म्हणून, किंवा अ, मधला अदृश्य जोडक आणि वरचा चंद्र अशा तीन तुकड्यांत. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात; संगणकाला मात्र ती वेगळी वाटतात. यादीत एका प्रकारचे ‘ॲ’ आणि शोधणाऱ्याच्या कीबोर्डवर दुसऱ्या प्रकारचे असेल, तर पुस्तक समोर असूनही कंट्रोल-एफने सापडत नाही. संपूर्ण पानात एकसंध ‘ॲ’च ठेवा. एडिटरच्या शोधा-बदला सोयीने हे दोन मिनिटांत होते.

हत्यारे आणि फोल्डर

कोड लिहायला व्हिज्युअल स्टुडिओ कोड घ्या. तो मोफत आहे, आणि त्यात ‘लाइव्ह सर्व्हर’ हे एक्स्टेन्शन (जोडसाधन) टाकले की फाइल सेव्ह करताच ब्राउझरमधले पान आपोआप ताजे होते. डिझाइनसाठी फिग्मा किंवा मुक्त स्रोत पेनपॉट. दोन्ही ब्राउझरमध्ये चालतात. आणखी काही नको. दहा एक्स्टेन्शन टाकत बसण्यात पहिला आठवडा घालवू नका.

विंडोज फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन फाइलचे एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटी टिंबापुढे येणारा भाग) दिसण्याची खूण आजच चालू करा. ती बंद असली की नोटपॅडमध्ये जतन केलेली पानाची मुख्य फाइल ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’ प्रत्यक्षात ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल डॉट टीएक्सटी’ होऊन बसते आणि पान का उघडत नाही हे कळत नाही. फोल्डर आणि फाइलची सगळी नावे लहान रोमन अक्षरांत, स्पेस न देता ठेवा. विंडोजला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडत नाही, पण जिथे पान चढवायचे आहे त्या सर्व्हरला पडतो. कॅमेऱ्यातून आलेल्या फोटोच्या नावाचा शेवट मोठ्या अक्षरांत ‘जेपीजी’ असतो. कोडमध्ये तो लहान अक्षरांत लिहिलात तर फोटो तुमच्या संगणकावर दिसेल आणि इंटरनेटवर गायब होईल.

कागदावर दहा मिनिटे

आराखडा मोबाइलचाच काढा. कागदावर उभा आयत आखा आणि पान उघडणाऱ्याला काय हवे त्या क्रमाने चौकोन पाडा. वाचनालयाच्या पानावर येणाऱ्याला आधी हवे असते ‘आज उघडे आहे का?’ याचे उत्तर, मग वर्गणी, मग नवी पुस्तके, मग पत्ता. स्थापनेचा इतिहास आणि कार्यकारिणीचा फोटो सगळ्यात खाली. संस्थेची मंडळी तो वर ठेवायला सांगतील. वेळापत्रक पहिल्याच पडद्यात का हवे, हे त्यांना नीट समजावून सांगा.

मग फिग्मात ३६० पिक्सेल रुंदीची फ्रेम घ्या. दोन्ही कडांना १६ पिक्सेल समास सोडा. घटकांमधले अंतर ८, १६, २४, ३२, ४८ असे आठाच्या पटीतच ठेवा. हा नियम पाळला की ‘काहीतरी खटकतंय’ ही तक्रार बरीच कमी होते, आणि पुढे कोड लिहिताना मोजपट्टी लावावी लागत नाही. मजकुराच्या चारच शैली करा : पानाचा मथळा, विभागाचा मथळा, मुख्य मजकूर आणि बारीक टीप. रंग तीनच : पार्श्वभूमी, मजकूर, आणि दुवे-बटणांसाठी एक ठळक रंग. एकमेकांखाली येणारे घटक निवडून शिफ्ट-ए दाबले की ऑटो लेआउट, म्हणजे घटक आपोआप ठरावीक अंतराने मांडणारी सोय, लागतो. त्यातले अंतर आणि पॅडिंग (कडेपासूनची आतली मोकळी जागा) पुढे सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, जवळपास तसेच उतरते. फिग्मात हे तीन-चार दिवसांत संपवा. सावल्या, ग्रेडियंट आणि सरकणारी चित्रे यांत रमलात तर कोडपर्यंत पोहोचणारच नाही.

जुन्या फोटोशॉपमध्ये आराखडा करत असाल तर प्राधान्यांतल्या ‘टाइप’ विभागात दक्षिण आशियाई लिप्यांचे इंजिन निवडलेले आहे का ते पाहा. नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे पडते आणि जोडाक्षरे हलन्तासकट सुटी दिसतात. फ्लेक्सच्या दुकानांतल्या कितीतरी फलकांवर ‘शाळेत’ ठीक आणि ‘विद्यार्थी’ विस्कटलेला दिसतो, त्यामागे बहुतेक असलीच भानगड असते.

अक्षर : इथे वेळ द्या

मराठी पानाचे निम्मे डिझाइन म्हणजे अक्षराची निवड आणि त्याची मापे. गुगल फॉन्ट्सवर देवनागरीचे चांगले फॉन्ट मोफत आणि मुक्त परवान्यात मिळतात. पहिल्या पानासाठी मुक्ता घ्या. मुंबईच्या एक टाइपचा हा फॉन्ट छोट्या पडद्यावर स्वच्छ दिसतो, त्याला सात वजने (जाडीचे प्रकार) आहेत, आणि त्यातली रोमन अक्षरे देवनागरीशी जुळतात, त्यामुळे फोन नंबर वा ई-मेल मध्येच उपरे वाटत नाहीत. पुस्तकी वळण हवे असेल तर तिरो देवनागरी मराठी पाहा. फॉन्ट कुठलाही असो, निवडण्याआधी त्यात ही ओळ टाइप करून बघा : कर्तृत्व, कीर्ती, सर्वोत्तम, दुसऱ्या, ऱ्हास, वाङ्मय, उद्ध्वस्त, ॲल्युमिनियम. जोडाक्षर फुटले, रफार वेलांटीवर आदळला किंवा एखाद्या अक्षराजागी रिकामा चौकोन आला, तर तो फॉन्ट बाजूला ठेवा.

वजने दोनच घ्या, ४०० आणि ७००. प्रत्येक वजनामागे वेगळी फाइल उतरते आणि देवनागरीच्या फाइल जोडाक्षरांमुळे रोमनपेक्षा जड असतात. पण ४०० एकटे घेऊन मथळे ठळक करू नका. खरे ठळक वजन नसले की ब्राउझर असलेल्याच अक्षराला फुगवून खोटा ठळकपणा आणतो. मग ‘ष’, ‘भ’, ‘क्ष’ यांच्या आतल्या पोकळ्या बुजतात आणि लहान मथळे डाग पडल्यासारखे दिसतात. तिरप्या अक्षरांचेही तसेच. देवनागरीच्या बहुतेक फॉन्टमध्ये तिरपा अवतार नसतो, ब्राउझर उभ्या अक्षराला ढकलून तिरके करतो. पुस्तकाचे नाव वेगळे दाखवायचे तर एकेरी अवतरणचिन्हे वापरा.

आता मापे. मुख्य मजकूर १८ पिक्सेल ठेवा. रोमनसाठी १६ ठीक असते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा आणि खाली उकार असे दोन मजले जास्तीचे असल्याने त्याच मापात मूळ अक्षराला कमी उंची मिळते. विभागाचा मथळा २२, पानाचा मथळा २८, टीप १५. कोडमध्ये हे रेम या एककात लिहा. १८ पिक्सेल म्हणजे १.१२५ रेम. वापरणाऱ्याने ब्राउझरमध्ये अक्षर मोठे केले असेल तर रेममधले माप त्याप्रमाणे वाढते, पिक्सेलमधले वाढत नाही. वाचनालयाच्या वाचकांत ज्येष्ठ मंडळी बरीच असतात, त्यांच्यासाठी हा फरक मोठा आहे.

ओळींमधले अंतर, म्हणजे लाइन-हाइट, मजकुराला १.७ आणि मथळ्याला किमान १.४. इंग्रजी धड्यांत मथळ्याला १.१ सांगितलेले असते, ते मराठीला चालत नाही. ‘कर्तृत्वाची कीर्ती’ असा मथळा दोन ओळींत मोडला की वरच्या ओळीतला ऋकार खालच्या रफाराला भिडतो. त्यातच त्या चौकटीला बाहेर आलेला भाग लपवणारे ‘ओव्हरफ्लो हिडन’ लावलेले असेल, तर पहिल्या ओळीच्या वेलांट्या वरून छाटल्या जातात. रफार गेलेले ‘सर्व’ म्हणजे ‘सव’. दिसायला बारीक, वाचायला चूक.

अक्षरांमधले अंतर वाढवणारा लेटर-स्पेसिंग हा गुणधर्म देवनागरीला कधीच लावू नका. तो अक्षरांना एकमेकांपासून दूर सारतो, शिरोरेषा मात्र ताणली जात नाही. प्रत्येक अक्षर आपापली तुटकी रेघ डोक्यावर घेऊन उभे राहते. तयार टेम्प्लेट वापरताना हा गुणधर्म बटणांवर आणि मेनूवर हमखास दडलेला असतो. शोधून शून्य करा. दोन्ही कडा जुळवणारे ‘जस्टिफाय’ही टाळा : मराठी शब्द प्रत्ययांमुळे लांब होतात, ते ओळीच्या शेवटी तोडलेही जात नाहीत, आणि मोबाइलच्या अरुंद ओळीत शब्दांमध्ये खिंडारे पडतात. डावीकडून सरळ, उजवीकडे मोकळे ठेवा.

दुव्याखालची रेघ उकारांना चिकटू नये म्हणून टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेट ०.३ एम (अक्षराच्या आकारावर बेतलेले एकक) द्या. मोठ्या पडद्यावर ओळ फार लांब जाऊ नये यासाठी मजकुराची कमाल रुंदी ६४० पिक्सेल किंवा ४० रेम ठेवा. धड्यांत यासाठी ‘सीएच’ हे एकक सांगतात, पण ते इंग्रजी शून्याच्या रुंदीवर बेतलेले असते. देवनागरी शब्दांचा अंदाज त्यावरून लागत नाही.

एचटीएमएल : सांगाडा

रिकाम्या इंडेक्स फाइलमध्ये उद्गारचिन्ह टाइप करून टॅब दाबा. एडिटर पूर्ण सांगाडा लिहून देतो. त्यात पहिल्याच टॅगवर भाषा ‘ईएन’ अशी असते. ती बदलून ‘एमआर’ करा. ही दोन अक्षरे फार कामाची आहेत. दृष्टिहीन वाचकाचे स्क्रीन रीडर सॉफ्टवेअर यावरूनच मराठी आवाज निवडते. शिवाय नोटो सान्स देवनागरीसारख्या काही फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ची हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणे असतात, आणि भाषा मराठी सांगितली तरच पाकळीचा ल आणि देठाचा श उमटतो. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या शासन निर्णयात मराठीसाठी हीच रूपे प्रमाण मानली आहेत.

सांगाड्यातल्या आणखी दोन ओळींना हात लावू नका. यूटीएफ-८ सांगणारी ओळ गेली तर मराठीच्या जागी विचित्र चिन्हांची रांग येऊ शकते. व्ह्यूपोर्टची ओळ गेली तर मोबाइल ब्राउझर पान ९८० पिक्सेल रुंद समजून मांडतो आणि मग आक्रसून दाखवतो. अक्षरे मुंगीएवढी होतात.

बॉडीच्या आत हेडर, मेन आणि फूटर असे तीन भाग करा, मेनमध्ये प्रत्येक विषयाला एक सेक्शन. एच-वन एकच, वाचनालयाच्या नावाचा, विभागांना एच-टू. अक्षर मोठे दिसावे म्हणून मथळ्याचा टॅग वापरायचा नाही. आकार ठरवणे हे सीएसएसचे काम. वेळापत्रकासाठी तक्ता, म्हणजे टेबल. पुस्तकांसाठी क्रमांकित यादी घ्या आणि सीएसएसमध्ये लिस्ट-स्टाइल-टाइप ‘देवनागरी’ लिहा, की क्रमांक आपोआप १, २, ३ असे मराठीत येतात. फोन नंबर ‘टेल’ दुव्यात +९१ सह लिहा, म्हणजे बोट लावताच फोन लागतो. दुव्याच्या आतला नंबर अर्थात इंग्रजी आकड्यांत. वाचकाला दिसणारा मराठीत चालेल.

चुका शोधायच्या तर आधी अवतरणचिन्हे बघा. व्हॉट्सॲप किंवा वर्डमधून उचललेल्या कोडमध्ये सरळ चिन्हांऐवजी वळणदार चिन्हे येतात आणि तो गुणधर्म निकामी होतो. मग न मिटलेले टॅग. डब्ल्यू-थ्री-सीच्या मोफत व्हॅलिडेटरमध्ये कोड टाकला की ओळ क्रमांकासह चुका मिळतात. चाळीस चुका दिसल्या तर घाबरू नका; पहिली दुरुस्त करा आणि पुन्हा तपासा, त्यामागच्या बऱ्याचशा तिच्याचमुळे आलेल्या असतात.

सीएसएस : मापे उतरवणे

स्टाइलची वेगळी फाइल करा आणि हेडमध्ये जोडा. पहिला नियम सर्व घटकांसाठी : बॉक्स-साइझिंग ‘बॉर्डर-बॉक्स’. हे नसले की १०० टक्के रुंदीच्या घटकाला १६ पिक्सेल पॅडिंग दिल्यावर तो पडद्यापेक्षा ३२ पिक्सेल रुंद होतो आणि पान आडवे सरकू लागते. दुसरा नियम बॉडीसाठी : फॉन्ट मुक्ता, त्यामागे पर्याय म्हणून नोटो सान्स देवनागरी, विंडोजचा निर्मला यूआय आणि शेवटी सान्स-सेरिफ, आकार १.१२५ रेम, लाइन-हाइट १.७, एककाशिवाय. एकक लावून पिक्सेलमध्ये लिहिले तर तेच अंतर मथळ्यांनाही जाते आणि मोठ्या मथळ्यांच्या ओळी एकमेकींवर चढतात.

आधी फक्त मोबाइलची मांडणी लिहा, एकाखाली एक. ती पूर्ण झाली की मीडिया क्वेरीत (पडद्याच्या रुंदीप्रमाणे नियम लावणाऱ्या सोयीत) किमान रुंदी ७०० पिक्सेल धरून वेळापत्रक आणि वर्गणी ग्रिडने शेजारी-शेजारी आणा. एवढीच प्रतिसादी मांडणी या पानाला लागते. बटणांची उंची ४८ पिक्सेल ठेवा, म्हणजे अंगठ्याने शेजारचे बटण दाबले जाणार नाही.

रंगांत एकच आकडा पाठ करा : मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला भेद किमान ४.५ ला १ हवा, मोठ्या मथळ्यांना ३ ला १ चालतो. पांढऱ्यावरचा फिकट करडा, ज्याचा कोड हॅशपुढे सहा वेळा ९ असा असतो, तो जेमतेम २.८ ला १ भरतो. डिझाइनच्या नमुन्यांत तो सुंदर दिसतो. उन्हात, बसस्टॉपवर, स्वस्त फोनच्या पडद्यावर तो वाचता येत नाही. हॅशपुढे तीनदा ७६ हा करडा ४.५ च्या किंचित वर आहे. पांढऱ्यावर याहून फिकट जाऊ नका. पिवळ्यावर पांढरी अक्षरे तर नकोतच.

काही लागू होत नसेल तर एफ-१२ दाबून घटक निवडा. उजवीकडे त्याचे सगळे नियम दिसतात. खोडलेली ओळ म्हणजे दुसऱ्या नियमाने तिच्यावर मात केली आहे. पिवळा त्रिकोण म्हणजे किंमत चुकीची आहे. अर्धविराम राहिला असेल तर ती ओळ आणि तिच्या पुढची, दोन्ही बाद होतात, म्हणून चूक दिसते त्याच्या एक ओळ वर बघायची सवय लावा. सगळे बरोबर असूनही जुनेच दिसत असेल तर कंट्रोल-शिफ्ट-आर दाबा.

फोटो

फोनमधला फोटो ४००० पिक्सेल रुंद आणि तीन-चार एमबीचा असतो. स्क्वूश या मोफत वेब साधनात तो १२०० पिक्सेल रुंदीचा करा, वेबपी निवडा, गुणवत्ता ७५ ठेवा; साधारण १०० ते २०० केबीत बसतो. चित्राच्या टॅगवर रुंदी आणि उंची लिहा, नाहीतर फोटो उतरताना खालचा मजकूर उडी मारतो. सीएसएसमध्ये कमाल रुंदी १०० टक्के आणि उंची ‘ऑटो’. ‘ऑटो’ विसरलात तर मोबाइलवर इमारत उभी ताणलेली दिसते. पर्यायी मजकुरात ‘फोटो’ एवढेच न लिहिता ‘वाचनालयाचा वाचनकक्ष, खिडकीजवळ वर्तमानपत्रांचे टेबल’ असे काय दिसते ते लिहा.

जावास्क्रिप्ट, गरजेपुरते

‘आत्ता उघडे आहे’ किंवा ‘बंद आहे’ असे दाखवणारी एक ओळ जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेत करा. समजा वेळ सकाळी ८ ते ११, संध्याकाळी ५ ते ८, सोमवारी सुट्टी. गेट-डे हा आदेश रविवारला ० आणि सोमवारला १ देतो. तास ८ किंवा जास्त आणि ११ पेक्षा कमी, किंवा १७ किंवा जास्त आणि २० पेक्षा कमी, एवढीच अट. तुलनेला तीन बरोबरची चिन्हे हवीत. वार साठवलेल्या चलाला एकाच चिन्हाने १ शी ‘ताडले’ तर ती तुलना होतच नाही, त्या चलात १ भरला जातो, अट नेहमी खरी ठरते आणि वाचनालय कायम बंद दिसते. स्क्रिप्टच्या टॅगवर ‘डिफर’ लिहा. नाहीतर पानावरचा घटक तयार होण्याआधीच स्क्रिप्ट त्याला शोधायला जाते आणि ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (चुका दाखवणाऱ्या खिडकीत) ‘नल’ची, म्हणजे घटक सापडला नसल्याची, चूक येते.

ही वेळ पाहणाऱ्याच्या यंत्रावरून घेतली जाते. दुबईत बसून गावाकडच्या वाचनालयाचे पान उघडणाऱ्याला ती दीड तास मागची दिसेल. म्हणून तास आणि वार दोन्ही काढताना टाइम-झोन ‘एशिया/कोलकाता’ सांगा. पण तिथे भाषा मराठी देऊ नका : ‘एमआर-आयएन’ सांगितले की तास ‘१७’ असा देवनागरीत येतो, जावास्क्रिप्टला त्याची संख्या करता येत नाही आणि ‘नॅन’ (संख्या नाही) हाती येते. हिशेब इंग्रजी आकड्यांत करा, दाखवताना मराठी करा.

पुस्तकांची यादी आपोआप लावायची असेल तर साध्या ‘सॉर्ट’वर विसंबू नका. तो युनिकोडच्या क्रमांकाने लावतो आणि ‘ॲ’चा क्रमांक ‘ह’च्या नंतर असल्यामुळे ‘ॲ’ने सुरू होणारी पुस्तके यादीच्या तळाला जातात. लोकेल-कम्पेअर हे फलन ‘एमआर’ सांगून वापरा.

पान चढवणे

गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर खाते उघडा. वापरकर्ता-नाव विचार करून घ्या, तेच पत्त्यात दिसणार आहे. नवी सार्वजनिक रिपॉझिटरी (प्रकल्पाच्या फाइल ठेवण्याची जागा) करून ‘अपलोड फाइल्स’मधून फोल्डरमधल्या फाइल टाका, फोल्डर नाही, त्यातल्या फाइल, म्हणजे इंडेक्स सगळ्यात बाहेर राहील. कमिट करा, म्हणजे बदल जतन करा. मग सेटिंग्ज, पेजेस, शाखा ‘मेन’, जागा ‘रूट’, सेव्ह. काही मिनिटांत पत्ता मिळतो. ४०४, म्हणजे ‘पान सापडले नाही’, असे आले तर इंडेक्स आतल्या फोल्डरमध्ये गेली आहे किंवा तिच्या नावात मोठे अक्षर आहे. पान आले पण फोटो आणि रंग नाहीत, तर पत्त्यांची सुरुवात तिरक्या रेघेने झाली आहे का बघा. लाइव्ह सर्व्हरवर तसा पत्ता चालतो, पण इथे तुमचे पान रिपॉझिटरीच्या नावाच्या उपफोल्डरात असते, आणि ती रेघ थेट मुळाशी जाऊन शोधते. रेघ काढा.

दुवा फिरणार व्हॉट्सॲपवर, म्हणून हेडमध्ये ओपन ग्राफच्या, म्हणजे दुव्यासोबत दिसणारा नमुना ठरवणाऱ्या, शीर्षक, वर्णन आणि चित्र या तीन ओळी टाका. चित्र १२०० बाय ६३० पिक्सेलचे, त्याचा पत्ता ‘एचटीटीपीएस’पासून पूर्ण. हे झाल्यावरच दुवा ग्रुपवर पाठवा, कारण व्हॉट्सॲप पहिला नमुना काही काळ साठवून ठेवते.

आता पान वेगवेगळ्या फोनांवर उघडा. त्यात एक जुना, फुटक्या काचेचा आणि एक सिस्टिमचे अक्षर सगळ्यात मोठे केलेला जरूर असू द्या. ग्रंथपालांच्या हातात फोन देऊन ‘वर्गणी किती ते शोधा’ एवढेच सांगा आणि मध्ये बोलू नका. अंगठा कुठे अडतो ते दिसेल, तिथे दुरुस्ती करा. मग त्यांना गिटहबवर फाइल उघडून पेन्सिलच्या चिन्हाने एक ओळ बदलायला शिकवा, कारण पुढच्या महिन्यात नवी पुस्तके येणार आणि दिवाळीच्या सुट्टीत वेळा बदलणार. खाते वाचनालयाच्या ई-मेलवर असावे, तुमच्या नव्हे. पासवर्ड आणि दुहेरी पडताळणीचे रिकव्हरी कोड कागदावर लिहून त्यांच्या कपाटात ठेवा.